अडतीस-शून्य वाचायचं कसं?

वाङ्मय मंडळाच्या अंकात रग्बीवर लेख बघून काहींच्या भुवया उंचावतील, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या वर्गात एक नियम आहे. कविता वाचून नुसतं ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ म्हणून सुटका होत नाही, ‘का?’ हा प्रश्न मागोमाग येतोच. खेळाच्या बाबतीत मात्र आपण हा नियम खुशाल विसरतो. संघ हरला की ‘बेकार आहेत, सगळ्यांना काढा’, जिंकला की ‘वाघिणी’. मधलं काही नाहीच.

माझं गाव जोयडा तालुक्यात. काळी नदीचं खोरं, सुपा धरण, अणशीचं जंगल ही आमची ओळख. खेळ म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट, आणि फेस्ताच्या दिवसांत चर्चच्या मैदानावर फुटबॉल. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा माझ्या मोठ्या मावसभावाला मोबाईलवर हा खेळ बघायचं वेड लागलं. एकदा तो म्हणाला, “पुरुषांचं राहू दे गं, आपल्या मुलींच्या टीमचं बघ. एशियन गेम्समध्ये एकदा अडतीस-शून्य, एकदा पंचेचाळीस-शून्य. सगळी टीम बदलायला पाहिजे.” मी म्हटलं, “दादा, बदलून आणणार कोणाला? आणि आणणार कुठून?”

हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांचं सविस्तर उत्तर. भारतीय महिला रग्बी संघाची कामगिरी कशी जोखायची आणि निवडीचे पर्याय खरे कोणते, हे मला समजलं तसं मांडते.

आधी खेळ समजून घेऊ

रग्बीचे मुख्य दोन प्रकार. एक पंधरा-पंधरा खेळाडूंचा, ऐंशी मिनिटांचा. दुसरा सात-सात जणांचा, म्हणजे ‘सेव्हन्स’. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे तो सेव्हन्स, आणि आशियाई स्पर्धेतही तोच. मैदान मात्र तेवढंच मोठं, साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. त्यावर फक्त सात जणी. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव. चौदा मिनिटांत सामना संपतो, पण त्या चौदा मिनिटांत फेफडं बाहेर येतं.

बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. हा ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. ट्रायनंतर खांबांच्या मधून किक मारली की आणखी दोन, त्याला म्हणतात ‘कन्व्हर्जन’. पेनल्टी किकचे तीन. पास देताना बॉल पुढे टाकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. म्हणजे पुढे जायचं असेल तर मागच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. बॉल असलेल्या खेळाडूला मिठी मारून खाली पाडणं म्हणजे ‘टॅकल’. पडलेल्या खेळाडूने बॉल सोडायचाच असतो. मग त्या बॉलवर दोन्ही बाजूंच्या खेळाडू ओणव्या उभ्या राहून एकमेकींना रेटतात, त्याला ‘रक’ म्हणतात.

हा खेळ कालपरवा इथे आला असंही नाही. कोलकात्यात १८७२ च्या नाताळाच्या दिवशी रग्बीचा सामना झाल्याची नोंद आहे. तिथला क्लब पुढे बंद झाला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक करून घेतला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या ‘कलकत्ता कप’साठी भिडतात. आपल्या रुपयांचा चषक तिकडे गाजतो आणि आपल्याकडे खेळच अनोळखी, अशी ही गंमत.

आकडा कोणासमोरचा?

आता त्या अडतीस-शून्यकडे येऊ. सप्टेंबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ. भारताच्या मुली हाँगकाँगकडून ०-३८ आणि जपानकडून ०-४५ अशा हरल्या. आकडे खरे आहेत, झाकायचं कारण नाही. पण त्या स्पर्धेत जपानला रौप्य मिळालं आणि हाँगकाँगला कांस्य. म्हणजे आशियातल्या पहिल्या तिघांपैकी दोघी आपल्याच गटात होत्या.

याच संघाने २०२१ मध्ये ताश्कंदला आणि २०२२ मध्ये जकार्ताला रौप्यपदक मिळवलं होतं. मग एका वर्षात संघ एवढा घसरला का? नाही. ताश्कंद आणि जकार्ताची स्पर्धा होती ‘आशिया रग्बी सेव्हन्स ट्रॉफी’. ही खंडातली दुसरी पायरी. पहिल्या पायरीवर असते ‘सेव्हन्स सिरीज’, जपान, चीन, हाँगकाँग खेळतात ती. दुसऱ्या पायरीवर आपण वरच्या टोकाला होतो, आणि हांगझोऊत पहिल्या पायरीवरच्यांशी गाठ पडली. तालुक्यात दुसरा आलेला संघ एकदम राज्याच्या मैदानात उतरला तर जे होईल तेच झालं.

म्हणून जोखण्याचा पहिला नियम असा की गुणफलकाआधी समोर कोण होतं ते बघायचं. नाहीतर रौप्यपदकाच्या वेळी आपण जास्त फुगतो आणि नंतर जास्त चिडतो. दोन्ही वेळा संघ जवळपास तोच असतो, फक्त आरसा वेगळा असतो.

चौदा मिनिटांत बॉल कोणाकडे?

दुसरा नियम थोडा गणिताचा आहे, पण सोपा आहे. अडतीस गुण म्हणजे सहा ट्राय आणि चार कन्व्हर्जन, असा हिशेब बसतो. पंचेचाळीस म्हणजे सात ट्राय आणि पाच कन्व्हर्जन. चौदा मिनिटांत सात ट्राय म्हणजे दर दोन मिनिटांनी एक.

सेव्हन्समध्ये एक नियम पंधरा जणांच्या खेळापेक्षा उलटा आहे. ट्राय केलेला संघच पुढची किक मारतो. म्हणजे ट्राय खाल्लेल्या संघाकडे बॉल येतो. फुटबॉलमध्येही गोल खाल्लेला संघच पुन्हा सुरुवात करतो, पण तिथे बॉल त्यांच्या पायाशीच असतो. इथे तो हवेतून येतो. निदान दहा मीटर लांब पडेल अशी उंच किक मारतात, आणि तिच्याखाली दोन्हीकडच्या मुली उड्या मारतात. झेलला तर तुमचा, निसटला तर पुन्हा त्यांचाच.

यातून काय कळतं? एकामागून एक ट्राय बसत असतील, तर ट्राय खाल्ल्यावर आपल्याकडे आलेला बॉल आपण टिकवत नाही आहोत. एक तर हवेतला झेल चुकतो, नाही तर झेलल्यावर पहिल्याच टॅकलमध्ये रक हातची जाते. अशा वेळी सगळे म्हणतात, ‘आपल्या मुली हळू पळतात.’ पळण्याचा प्रश्न नंतरचा. हातात बॉलच नसेल तर पळायचं काय घेऊन?

तिसरी गोष्ट दमाची. सेव्हन्सच्या स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने असतात. सकाळचा सामना बघून दुपारच्या संघाला नावं ठेवू नये. कोणत्या संघाची दुसऱ्या डावातली टॅकल ढिली पडते, कोण शेवटच्या दोन मिनिटांत गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहते, ते बघावं. तिथे राखीव खेळाडूंची खोली कळते. आणि खोली नसेल तर दोष त्या थकलेल्या मुलीचा नसतो, तिची जागा घेणारी तयार केली नाही त्या व्यवस्थेचा असतो.

बारा जणी निवडायच्या तर

हांगझोऊच्या यादीत बारा जणी होत्या. सात मैदानावर, पाच बाहेर. या बारांत सगळं बसवायचं आहे. तीन ‘फॉरवर्ड’ लागतात, स्क्रममध्ये रेटणाऱ्या आणि किकऑफखाली उंच उडी मारणाऱ्या. चार ‘बॅक’ लागतात, पास फिरवणाऱ्या, जागा शोधणाऱ्या, पळून जाणाऱ्या. त्यातली एक तरी भरवशाची किक मारणारी हवी.

आता पर्याय बघा. माझ्या मते तीन वाटांनी मुली या संघात येतात.

पहिली वाट धावण्याच्या शर्यतींतून. बिहारची स्वीटी कुमारी आधी धावपटू होती, मग रग्बीकडे वळली. तिच्या वेगाची चर्चा भारताबाहेरही झाली. अशी खेळाडू मोकळ्या जागेत बॉल मिळाला तर एकटी सामना फिरवते. पण तिला मोकळी जागा मिळवून देणाऱ्या दोघी आत रेटत असाव्या लागतात. सगळ्याच धावपटू निवडल्या तर बॉल आणणार कोण?

दुसरी वाट शाळेतून. भुवनेश्वरला आदिवासी मुलांसाठी ‘किस’ ही निवासी संस्था आहे. तिथल्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला १४ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत विजेतेपद मिळवलं, आणि पुढे मुलीही खेळायला लागल्या. सुमित्रा नायक तिथलीच. जून २०१९ मध्ये मनिलाला भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरांच्या खेळातला तो भारतीय मुलींचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. पुण्याची वाहबिझ भरूचा, जी फिजिओथेरपिस्टही आहे, त्या संघाची कर्णधार होती. आणि शेवटाला निर्णायक ठरली ती सुमित्राने मारलेली पेनल्टी किक. फरक फक्त दोन गुणांचा. एवढ्या चुरशीच्या वेळी पाय न कापता किक मारता येणं हे एका महिन्याच्या शिबिरात येत नाही. त्याच्यामागे मैदानावर घालवलेल्या कित्येक संध्याकाळी असतात.

तिसरी वाट दुसऱ्या खेळांतून आणि क्लबांतून. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूर इथे रग्बी रुजलेली आहे. पुण्याच्या नेहा परदेशीने भारताचं नेतृत्व केलं. हांगझोऊच्या बारा जणींमध्ये महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील या दोघी होत्या. कबड्डी आणि कुस्तीच्या मातीत वाढलेल्या मुलींना अंगाला अंग भिडवायची भीती नसते, हा मोठा फायदा. मात्र कबड्डीची पकड जशीच्या तशी चालत नाही. रग्बीत टॅकल खांद्याच्या खाली, हातांनी मिठी घालून आणि डोकं सुरक्षित बाजूला ठेवून करायची असते. हे नव्याने शिकावं लागतं, नाहीतर कार्ड मिळतं आणि दोन मिनिटं सात विरुद्ध सहा खेळावं लागतं. चौदा मिनिटांच्या खेळात दोन मिनिटं म्हणजे सातवा हिस्सा!

मग दादाला मी काय सांगितलं? मी निवड समितीवर असते तर किकऑफखाली झेल घेणाऱ्या दोन उंच मुली आधी पक्क्या केल्या असत्या. त्यानंतर किक मारणारी एक, आणि तिला दुखापत झाली तर दुसरी. वेगवान मुलींची नावं सगळ्यात शेवटी, कारण आपल्याकडे वेग सापडतो, झेल आणि किक घडवावी लागते. २०२४ पासून भारतीय संघांचे प्रशिक्षक म्हणून फिजीचे वाइसाले सेरेवी आले. सेव्हन्सच्या जगात त्यांचं नाव आपल्याकडे सचिनचं घेतात तसं घेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारच्या राजगीरला २० वर्षांखालच्या मुलींनी आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. मला वाटतं मोठ्या संघाच्या गुणफलकापेक्षा हे पदक जास्त बोलकं आहे. कारण बदलून कोणाला आणणार, या माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात आहे.

अंग बघून केलेली निवड

राहिला दुसरा प्रश्न, आणणार कुठून? इथे मला आमच्या भागाकडे यावंच लागतं. कारण निवडीचा एक मोठा प्रयोग आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात झालेला आहे, रग्बीचा नाही, धावण्याचा.

जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. शेकडो वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी आणि इतरांनी आणलेल्या माणसांचे हे वंशज. काही हिंदू, काही मुसलमान, आणि बरेच आमच्यासारखे कॅथलिक. बोलणं कोकणी, सोबत मराठी आणि कन्नड. १९८० च्या दशकात मार्गारेट अल्वा केंद्रात क्रीडा राज्यमंत्री होत्या. त्या दशकाच्या अखेरीस स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने एक योजना काढली. आफ्रिकी वंशाचे लोक जगभर शर्यती जिंकतात, मग आपल्या सिद्दी मुलांमधून ऑलिंपिकचे धावपटू का निघू नयेत? गावोगावची मुलं निवडून वसतिगृहांत नेली, प्रशिक्षण सुरू झालं. त्यातल्या काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकंही मिळवली. आणि १९९३ च्या सुमारास सिद्दींसाठीची ती योजना बंद पडली.

विचार करा, दहा-बारा वर्षांचं पोर गावातून उचललं, त्याला सांगितलं की तुझ्या रक्तात वेग आहे, आणि ऐन वाढीच्या वयात सांगितलं की आता घरी जा. ऑलिंपिकची तयारी चार-सहा वर्षांत होत नसते. पदक आलं नाही तेव्हा लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. पण हरलं कोण? पळणारी मुलं हरली असं मला वाटत नाही. त्या योजनेचा पाया दोन ठिकाणी कच्चा होता. एक, माणसाच्या वंशावरून त्याचा खेळ ठरवला. दुसरं, निवड केली आणि वाट अर्ध्यावर सोडली.

या दोन्ही गोष्टी आजच्या रग्बीच्या चर्चेतही येतात. ‘आदिवासी मुली काटक असतात, त्यांना घ्या’ असं सहज म्हटलं जातं. ओडिशाच्या मुली काटक आहेतच. पण त्या संघात आहेत त्या वर्षानुवर्षं रोज बॉल हाताळल्यामुळे. काटकपणा जोयड्याच्या डोंगरातही आहे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढ चढणाऱ्या कुणबी आणि गवळी बायका आमच्याकडे रोज दिसतात. तेवढ्यावर संघ होत नाही.

चाचणीच्या दारापर्यंत

माझी एक मामेबहीण शाळेत चारशे मीटरला तालुक्यात पहिली आली होती. पुढची चाचणी कारवारला. पहाटे निघायचं, घाट उतरायचा, संध्याकाळी परत यायचं, आणि सोबत जायला कोणी बाई माणूस मोकळी नव्हती. मामा म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू गं बाय.” पुढच्या वर्षी दहावी होती. झालं, संपलं. मामांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, एकट्या पोरीला कोण पाठवेल? पण त्या दिवशी जिल्ह्याच्या यादीतून एक नाव कमी झालं आणि निवड करणाऱ्यांना ते कधी कळलंसुद्धा नाही.

आपण यादीत कोण आलं आणि कोण वगळलं यावर तासन्‌तास वाद घालतो. खरी वगळणी त्याच्या कितीतरी आधी होते, बसच्या वेळापत्रकात, वसतिगृहाच्या जागांमध्ये, शाळेच्या मागच्या दगडगोट्यांच्या मैदानावर. रग्बीला तर मऊ जमीन लागते. आमच्या जांभ्याच्या कातळावर कोणाला टॅकल करून बघा!

आणि रग्बीचा एक फायदा इथेच आहे. या खेळाला सुरुवातीला लागतो एक बॉल आणि एक गवताळ तुकडा. लहान मुलांना तर टॅकलशिवाय, कमरेला लावलेली पट्टी ओढून पकडायचा सोपा प्रकार शिकवतात. भात कापून झाल्यावर आमच्या मळ्या रिकाम्या असतात, आणि चर्चच्या आवारात फेस्ताला फुटबॉल होतोच. तिथे हा बॉल यायला काय हरकत आहे? त्यातून उद्या भारताची खेळाडू निघेल असा दावा मी करत नाही. पण दहा ठिकाणी बॉल असेल तरच अकराव्या ठिकाणाहून कोणी निघायची शक्यता वाढते.

म्हणून पुढच्या वेळी भारताच्या मुलींचा सामना बघाल तेव्हा चार प्रश्न जवळ ठेवा. समोरचा संघ कोणत्या पायरीवरचा आहे? किकऑफनंतरचा बॉल किती वेळा आपल्या हातात राहिला? शेवटच्या दोन मिनिटांत टॅकल टिकली का? आणि या बारा जणी कोणकोणत्या गावांतून, कोणाच्या सोबतीने चाचणीपर्यंत पोहोचल्या? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मोबाईलवर सामना बघताना मिळतील. चौथ्याचं उत्तर शोधायला आपापल्या तालुक्यात चक्कर मारावी लागेल. दादाला मी तेच काम दिलंय. या फेस्ताला फुटबॉलसोबत एक रग्बीचा बॉलही मागवायचा त्याने कबूल केलंय, आणि फादरना विचारायचं काम माझ्याकडे आलंय.